सत्कारमूर्ती धडकोजी

सह्याद्रीच्या कुशीत एक जंगल होतं. तिथे माणूस औषधालाही नव्हता, तरी दर पाच वर्षांनी मतदान व्हायचं आणि हरलेलेही पेढे वाटायचे.

त्या जंगलात विश्वंभरपंत नावाचं साळिंदर राहायचं. पंत हुशार. हे त्यांना लहानपणीच कळलं होतं आणि तेव्हापासून भेटेल त्याला ते सांगत आले होते.

एका उन्हाळ्यात धडकोजी नावाचा गवा खाली उतरला आणि जंगलातल्या एकुलत्या एका पाणवठ्यात जाऊन बसला. बसला तो बसलाच. कोणी जवळ आलं की शिंगं उगारायचा. रानडुकरांनी एकजुटीने हल्ला चढवला आणि तितक्याच एकजुटीने ती लंगडत परत आली. तिसऱ्या दिवशी सगुणा भेकरीण पंतांच्या बिळाशी आली. घशाला कोरड पडून तिचा आवाज पार बसला होता.

"पंत, जन्मभर अक्कल सांगितलीत," ती म्हणाली. "आता जरा वापरा."

पंतांना ते लागलं. पण खरं सांगायचं तर सभांच्या सूत्रसंचालनाखेरीज त्यांना काही येतच नव्हतं. तेव्हा त्यांनी धडकोजीचा जाहीर सत्कार ठरवला. जागा पाणवठ्यापासून लांब, टेकाडावर.

गव्याला आजवर सगळे घाबरले होते, हार मात्र कोणी घातला नव्हता. तो हरखून पाण्याबाहेर आला. भाषणं सुरू झाली. अस्वलाने त्याच्या खांद्यांचं कौतुक केलं, माकडाने शेपटीचं. तिकडे मागच्या रांगेतून एकेक जण हळूच उठून पाणी पिऊन येत होता. पिता पिता सगुणाला रडूच फुटलं. पंतांनी ते वरून पाहिलं आणि त्यांचे काटे अभिमानाने उभे राहिले. बळापेक्षा बुद्धी मोठी, असं ते मनाशी म्हणाले. मग राहवलं नाही, म्हणून माइकवरूनही म्हणाले. धडकोजीने मान डोलावली.

असे सात दिवस सात सत्कार झाले. आठव्या दिवशी सवयीने पंतांच्या तोंडून निघून गेलं, "आता सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतील."

पाहुणा बोलत असताना उठून जाणं त्या जंगलात असभ्य समजतात. प्यायला गेलेलेही ओल्या तोंडाने धावत परत आले आणि मुकाट बसले. धडकोजी पूर्वजांवर बोलला, शेजारच्या जंगलाच्या कारस्थानांवर बोलला, शिंगांच्या थोर परंपरेवर तर दोनदा बोलला. ऊन डोक्यावर आलं. पाणवठा मोकळा पडला होता, वाटेत कोणी आडवं नव्हतं आणि एकही प्राणी जागचा हलत नव्हता. ते पाहून धडकोजीला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी सुचलं.

पुढच्या निवडणुकीत तो प्रचंड मतांनी निवडून आला. त्यानंतर त्याने शिंगं कधी उगारली नाहीत. गरजच पडली नाही. भाषणं पंत लिहून देतात. शेवटी विजय बुद्धीचाच झाला, असं ते अजून सांगतात. कोणाच्या, असं विचारलं की त्यांना अचानक काम आठवतं.

परवा सभेत सगुणाने त्यांच्या कानाशी लागून विचारलं, पाणी कधी मिळणार?

"भाषण संपलं की," पंत कुजबुजले. "टाळ्या वाजव."

भाषणाला आता चौथं वर्ष लागलंय.