चांगल्या पायाची पट्टी

कुण्या एका गावात एक पोरगी होती. चेंडू दिसला की ती तहानभूक विसरायची. गावच्या मुलींच्या फुटबॉल संघात गोल करावा तो तिनेच.

जत्रेतला सामना तोंडावर आला होता. एका सकाळी अंग मोकळं न करताच ती गल्लीत चेंडूमागे सुसाट धावली आणि तिचा डावा घोटा मुरगळला. आईने गार पाण्याची घडी ठेवली, पट्टी बांधली, पाय उशीवर टेकवला आणि म्हणाली, "आता गप पडून राहायचं." गप पडून राहणं त्या पोरीला कारल्यापेक्षा कडू.

संघाला शिकवणारी ताई परगावी गेली होती, ती परतली थेट सामन्याच्या सकाळी. तिचा नियम साधा होता. पाय दुखावला असेल, तर त्याच पायावर लंगडी घालत मैदानाला फेरी मारायची. जमली तर खेळायचं, नाहीतर बसायचं.

पोरीने घरीच डाव्या पायावर एक उडी मारून पाहिली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग बाईसाहेबांनी शक्कल लढवली. पट्टी सोडून धडधाकट उजव्या पायाला गुंडाळली आणि सुजलेल्या डाव्यावर पायमोजा चढवला.

ताईपुढे तिने उजव्या पायावर अशी लंगडी घातली की बघत राहावं.

"दुखत नाही ना गं?" ताईने विचारलं.

"अजिबात नाही, ताई."

हे मात्र खरं होतं. तो पाय कशाला दुखेल?

सामना सुरू झाला. समोरच्या गावाची बचावाला उभी असलेली मुलगी मनाने चांगली होती. पट्टी पाहून तिने मैत्रिणींना बजावलं, "तिचा उजवा पाय दुखावलाय. त्या बाजूने कुणी भिडू नका गं." म्हणून सगळ्या डावीकडूनच येत राहिल्या. शेवटी त्या मुलीचा आणि पोरीचा पाय एकाच वेळी चेंडूवर पडला, आणि पोरगी डावा घोटा धरून खाली बसली.

लोक खवळले. "एक पाय जायबंदी होताच, आता दुसराही मोडलास?" म्हणत त्या मुलीवर तुटून पडले.

ती रडत सांगत होती, "मी तर तिचा दुखरा पाय वाचवत होते हो."

पोरीला घोट्यापेक्षा ते बोलणं जास्त लागलं. गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण तिला राहवेना.

"तिला बोलू नका," ती म्हणाली. "दुखरा पाय हाच होता. पट्टी मी चांगल्या पायाला बांधली."

कुणीतरी तेल घेऊन चोळायला धावलं. ताईने त्याला अडवलं, घोट्यावर बर्फ ठेवला आणि पोरीला दवाखान्यात नेलं. थोड्या विश्रांतीने जो पाय बरा झाला असता, तो आता अख्खा हंगाम घरी बसणार होता.

परतताना ताई शांतपणे म्हणाली, "अख्ख्या मैदानात तुझ्या पायाला जपणारी ती एकटी होती. आणि तू तिला चुकीचा पाय दाखवलास."

पोरीला रडू कोसळलं.

तात्पर्य एवढंच: दुखणं लपवलं, की जपणाऱ्याचाही धक्का नेमका दुखऱ्या जागीच लागतो.