वेस्तादादाची घंटा

एकदा एका शाळेची घंटा चार मिनिटं उशिरा वाजली. एवढ्यावरून कधी गोष्ट होते का, असं तुम्ही म्हणाल. होते. ऐका.

सातपुड्याच्या एका खोऱ्यात ती शाळा होती. आदिवासी मुलांनी शिकावं म्हणून एका गुरुजींनी ऐन तारुण्यात तिथे कुडाची एक खोली उभारली. पुढे खोलीची शाळा झाली, शाळेची संस्था झाली, संस्थेच्या सात शाळा झाल्या. गुरुजींचे गुडघे थकले तेव्हा त्यांनी ही पहिली शाळा आपल्या एका शिष्याच्या स्वाधीन केली. तो शिष्य त्याच डोंगरातला, वरच्या जांभळीपाड्याचा. बुद्धीने तल्लख, हाताने स्वच्छ, बोलायला गोड. नावं ठेवावीत असं त्याच्यात काही नव्हतं. एकच होतं, आणि तेही तसं वाईट म्हणता येणार नाही. त्याला आपल्या वक्तशीरपणाचा अभिमान होता.

प्रार्थना झाली की तो मुलांना सांगायचा, "मी जांभळीपाड्यावरून यायचो. पायात चप्पल नाही, अंगात स्वेटर नाही. सात वर्षं चालत आलो. एक दिवस, एकच दिवस मला उशीर झाला असेल तर सांगा! एकदाही नाही." मुलं डोळे मोठे करून ऐकायची. आपल्यातलाच एक जण, आपल्याच वाटेने आलेला, खुर्चीत बसलाय, हे त्यांना फार आवडायचं.

शाळेच्या फाटकाशी मोहाचं झाड होतं. त्याला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला. तीच घंटा. ती वाजवायचा वेस्ता नावाचा शिपाई. शाळा निघाली तेव्हापासूनचा माणूस. पाणी भरणं, पटांगण झाडणं, फाटक उघडणं, मुलांच्या पायातले काटे काढणं, सगळं त्याच्याकडे. सगळे त्याला वेस्तादादा म्हणत. संस्थेचा छापील अहवाल दरवर्षी निघायचा, त्यात शिक्षकांची नावं असत, देणगी देणाऱ्यांची असत, पाहुण्यांची असत. वेस्तादादाचं नाव कधी नव्हतं. त्याने कधी पाहिलंही नसेल. त्याला वाचता येत नव्हतं.

शिष्य आला तो भाद्रपदात. पहिल्याच आठवड्यात त्याने पाहिलं, घंटा साडेदहाला वाजायला हवी, ती चार मिनिटं उशिरा वाजली. त्याने टिपून ठेवलं. मग रोज टिपू लागला. आश्विनात सात मिनिटं. कार्तिकात अकरा. पौषात तर बावीस! संक्रांत झाल्यावर त्याने वेस्तादादाला बोलावलं.

"दादा, घंटा साडेदहाची ना?"

"हो साहेब."

"मग बावीस मिनिटं गेली कुठे?"

वेस्तादादाने हातातल्या लोखंडी सळईकडे पाहिलं. "झाला थोडा उशीर."

"रोज?"

"रोज नाही साहेब. उन्हाळ्यात नसतो होत."

शिष्याला वाटलं, समजलं. म्हातारा माणूस, थंडीत उठवत नसेल. तो रागावला नाही. पुढच्या जूनमध्ये त्याने भिंतीवर विजेची घंटा बसवली. तिच्यात वेळ भरून ठेवली की ती आपली आपण वाजते. कुणी सांगायला नको, कुणी थांबवायला नको. वेस्तादादाला त्याने कोठीघरात बसवलं, दुपारच्या खिचडीची डाळ निवडायला.

तिथे मोगीबाई होती. तीस वर्षं त्या शाळेची चूल तिच्या हातात. तिच्या तोंडाला कुणी लागत नसे.

"या दादा या," ती म्हणाली. "आज डाळ निवडा, उद्या कांदा चिरा. मग मी होते साहेब आणि तुम्ही ढवळा खिचडी."

वेस्तादादा हसला आणि सूप मांडीवर घेतलं.

थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "खरं का सांगत नाही त्याला?"

"पोरांना त्याची ती गोष्ट आवडते," वेस्तादादा म्हणाला. "राहू दे."

आता काय झालं ते पाहा. जांभळीपाड्याची बारा मुलं शाळेत होती. आषाढात बारा यायची. आश्विनात सात उरली. कार्तिकात तीन. पौष लागला आणि जांभळीपाड्यावरून येणारं एकही मूल उरलं नाही. शिष्याने निरोप धाडले, चिठ्ठ्या धाडल्या, एकदा शिक्षक धाडला. शिक्षक सांगत आला, "मुलं घरून निघतात म्हणे. आई-बाप शपथेवर सांगतात. पण पोचत नाहीत." शिष्य खिन्न झाला. आपल्याच पाड्याची मुलं अशी आळशी निघावीत, बापाला फसवून रानात बोरं खात बसावीत! त्याने ठरवलं, संस्थेच्या वर्धापनदिनापर्यंत वाट पाहायची. नाहीच आली तर त्याच दिवशी पटावरून बारा नावं कमी करायची. पटावरून नाव गेलं की डोंगरातलं मूल पुन्हा शाळेचं तोंड पाहत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणून तर जीव तुटत होता. त्याच दिवशी दुसऱ्या एका कागदावरही सही व्हायची होती. वेस्तादादाची खालच्या गावी, संस्थेच्या कोठारावर बदली. तिथे दिवसभर बसून राहायचं, एवढंच काम. शिष्याच्या मते ही त्याने केलेली दयाच होती.

मोगीबाईने आठवड्याच्या बाजारात गुरुजींना गाठलं. मिरच्यांच्या ढिगाशी उभी राहून बराच वेळ बोलली. दुसऱ्या दिवशी गुरुजींचा निरोप आला. "वर्धापनदिनाला येतो. आदल्या दिवशी जांभळीपाड्यावर मुक्काम करीन. तिथून चालत येईन."

वर्धापनदिन उजाडला. फाटकाला आंब्याची पानं बांधली. गावोगावचे पाहुणे आले, मुलं रांगेत उभी राहिली. शिष्य हातात हार घेऊन फाटकाशी. समोर ओढा, ओढ्यापलीकडे डोंगराची चढण. त्या चढणीवरून पांढरं धोतर खाली येताना दिसलं आणि सगळ्यांना हुरूप आला. गुरुजी काठी टेकत येत होते. आणि एकटे नव्हते! मागेपुढे मुलं होती. कुणीतरी मोजली, बारा.

शिष्याचे डोळे भरून आले. गुरुजींनी आणली मुलं! आता ती ओढ्याच्या काठाशी पोचली. पहिलं मूल पाण्यात उतरणार, तेवढ्यात भिंतीवरची घंटा वाजू लागली. साडेदहा झाले होते.

मुलं जागच्या जागी थांबली. एकमेकांकडे पाहिलं. आणि मग, कुणी काही न सांगता, बाराही मुलं वळली आणि चढण चढू लागली.

गुरुजीही थांबले होते. त्यांनी शाळेकडे एकदा पाहिलं. मग तेही वळले आणि मुलांच्या मागोमाग काठी टेकत परत निघाले.

पाहुणे चकित झाले. "काही विसरले वाटतं," एक म्हणाला. "रुसले की काय?" दुसरा म्हणाला. शिष्य हार हातात घेऊनच धावत सुटला. ओढा ओलांडला, विजार गुडघ्यापर्यंत भिजली, धापा टाकत त्याने गुरुजींना गाठलं.

"गुरुजी! कुठे निघालात?"

"घरी. घंटा झाली ना?"

"म्हणजे?"

"घंटा झाल्यावर कसं यायचं? उशीर झाला आम्हाला."

"तुमच्यासाठी सगळे थांबलेत, गुरुजी! सभा तुमच्याशिवाय सुरू कशी होईल?"

"माझ्यासाठी थांबलेत," गुरुजी म्हणाले. "बरं. आणि हिच्यासाठी?" त्यांच्या हाताशी एक सात वर्षांची मुलगी उभी होती. जेरमी तिचं नाव. "का गं वळलीस? विचारताहेत तुझे साहेब."

जेरमीने खाली पाहिलं. "सगळी रांगेत असतात," ती म्हणाली. "आम्ही गेलो की सगळी मागे वळून बघतात."

"कुणी मारतं का?"

"नाही."

"रागावतं?"

तिने मान हलवली. "बघतात."

 शिष्य जरा तोल जाऊन म्हणाला, "पण लवकर निघायला काय होतं? मीही याच वाटेने आलो, गुरुजी. सात वर्षं. एकदाही..."

"एकदाही उशीर नाही. ठाऊक आहे मला," गुरुजी म्हणाले आणि एका दगडावर बसले. "तुझ्या घरी घड्याळ होतं?"

"छे. घड्याळ कुठलं?"

"मग निघायचास कसा?"

"आढ्यावर ऊन आलं की आई म्हणायची, नीघ."

"काल रात्री मी तुझ्याच चुलत्याच्या घरी निजलो. आजही तसंच आहे. आढ्यावर ऊन आलं, की पोरं निघतात. एकही रेंगाळत नाही, मी बरोबर होतो. पण पाड्याच्या पुढ्यात केवढा डोंगर आहे बघ, ऊन त्याच्यावरून यायचं. पावसाळ्यात पोरं अंदाजाने निघतात, पळतात, कशीबशी गाठतात. भाद्रपदात ऊन थोडं उशिरा येतं, आश्विनात आणखी, कार्तिकात आणखी. पौषात किती?"

"बावीस मिनिटं," शिष्याच्या तोंडून आपोआप निघालं. आणि निघाल्याबरोबर तो थिजला. चार, सात, अकरा, बावीस. गेल्या वर्षी ज्या कागदावर त्याने वेस्तादादाचा आळस टिपला होता, तो त्याच्याच घराच्या आढ्यावरच्या उन्हाचा हिशेब निघाला.

गुरुजी म्हणाले, "तू पहिलीत होतास. दोन दिवस या ओढ्यावरून परत गेलास. तुला आठवत नसेल. तिसऱ्या दिवशी मी प्रार्थनेला उभा, आणि घंटाच वाजेना. तणतणत बाहेर आलो. पाहतो तर हा वेस्ता मोहामागच्या खडकावर चढलेला, डोळ्यांवर हात धरून या चढणीकडे बघतोय. म्हणाला, 'गुरुजी, एक पोरगा अजून ओढ्यात आहे. तो फाटकात आला की वाजवतो.' मला राग आला होता, पण बोललो नाही. त्या दिवशी तू रांगेत येऊन उभा राहिलास आणि मग घंटा झाली. तेव्हापासून ती तशीच वाजत आली. तू वक्तशीर होतास हे खोटं नाही, बाळ. पण ती वेळ कुणीतरी तुझ्यासाठी हातात धरून ठेवली होती. आपण समजतो शाळा फळ्यापाशी सुरू होते. ती इथे सुरू होते, या पाण्यात. इथून फळ्यापर्यंत मुलाला नेणारी माणसं वेगळीच असतात. ती आपलं काम बोलून दाखवत नाहीत, म्हणून ते काम नसतंच असं आपल्याला वाटू लागतं."

 शिष्य म्हणाला, "गुरुजी, मुलांना घेऊन या. हळूहळू या." आणि तो उलट धावत निघाला.

पाहुण्यांना ओलांडून तो सरळ कोठीघरात शिरला. वेस्तादादा सूप घेऊन बसला होता. मोगीबाईने भिजलेल्या विजारीकडे पाहिलं.

"साहेब म्हणू की पोरा म्हणू?" ती म्हणाली. "अशी विजार भिजवून यायचास तेव्हा चुलीपाशी मीच बसवायचे तुला."

"पोरा म्हण," तो म्हणाला. मग वेस्तादादापुढे खाली बसला. "दादा, मला का नाही सांगितलंत? मी तुम्हाला इथे आणून बसवलं. बदलीचा कागद लिहिला. एक शब्द बोलायचात!"

वेस्तादादाने डाळीतला एक खडा बाजूला टाकला.

"तू लहानपणी मान वर करून यायचास," तो म्हणाला. "अजून तशीच आहे. आमच्या डोंगरातल्या कितीकांची तशी राहते? ती मी खाली घालायला लावू, तीही घंटेपायी?"

 शिष्याने वाकून त्या म्हाताऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं. मोगीबाई चुलीकडे तोंड करून उगीचच लाकडं सारू लागली.

भिंतीवरची घंटा शिष्याने स्वतःच्या हाताने उतरवली. बदलीचा कागद खिशातून काढून मोगीबाईच्या चुलीत घातला. वेस्तादादा सळई घेऊन मोहाखाली आला. पाहुणे ताटकळलेले, रांगा विस्कटलेल्या, सूर्य चांगला वर आलेला. त्या दिवशी शिष्याने पहिल्यांदाच मनगटाकडे पाहिलं नाही.

"वाजवा दादा," तो म्हणाला.

वेस्तादादा खडकावर चढला. गुडघे दुखत होते, म्हणून शिष्याने हात दिला. वर उभं राहून त्याने डोळ्यांवर हात धरला.

"थांब जरा," तो म्हणाला. "बारकी अजून ओढ्यात आहे. तिची चप्पल वाहून चाललीय, ती धरतेय."

शिष्यही खडकावर चढला आणि त्याच्याशेजारी उभा राहून पाहू लागला. जेरमीने चप्पल पकडली, पायात घातली, गुरुजींचं बोट धरलं. दोघं फाटकात शिरली. मग घंटा वाजली.

सभा त्या दिवशी तासभर पुढे गेली. उशीर मात्र कुणालाच झाला नाही.