कुशाबा कासाराचा जळफळाट

एका गावात एक भोळा कासार होता. नाव कुशाबा. गावातल्या बायकांच्या मनगटांची मापं त्याला तोंडपाठ. मनातलं मात्र सांगावं लागे, तेही दोनदा.

त्याचा हौसाशी साखरपुडा झाला आणि महिन्याभरात मोडला. कुशाबाचं जेवण सुटलं. आत्या म्हणाली, "कारण काय ते एकदा विचारून ये. जीव मोकळा होईल."

कुशाबा गेला. "का मोडलंस?"

"सांगितलं तेवढंच करतोस तू," हौसा म्हणाली. "मनाने काही सुचतच नाही तुला."

"बरं. मग काय सुचायला हवं, ते सांग."

हौसाने दार लावून घेतलं.

पुढे हौसाचं मल्हारीशी ठरलं. कुशाबाचा जळफळाट सुरू झाला. तो रोज तिच्या दारासमोर जाऊन उभा राही.

आत्या म्हणाली, "तिचं घर आलं की मान फिरवावी आणि चालू लागावं."

कुशाबाने मान फिरवली आणि चालू लागला. घर संपलं, गल्ली संपली. मान सरळ करायचं कुणी सांगितलंच नव्हतं. तो बांगड्यांच्या पेटीसकट गुरांच्या हौदात पडला.

"मान नको फिरवूस बाबा," आत्या म्हणाली. "समोर आलं की सरळ म्हणावं, गेलं ते गेलं, सुखी राहा."

समोर पाटलीणबाई आल्या. डोळ्यांत पाणी, हातात नुसतं दावं. म्हैस हरवली होती.

"गेलं ते गेलं," कुशाबा म्हणाला. "सुखी राहा."

"सुखी राहू? थांब मेल्या!" आणि त्याच दाव्याने त्यांनी त्याला बडवला.

आत्याने कपाळावर हात मारला. "अरे, तिला बहीणच मान ना. बहिणीच्या नवऱ्यावर कुणी जळतं का?"

हे कुशाबाला पटलं. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, हे त्याला ठाऊक होतं. हौसाच्या लग्नात कानपिळीची वेळ येताच तो पुढे झाला आणि मल्हारीचा कान धरला. साखरपुडा मोडल्या दिवसापासूनचं सगळं त्याने त्यात पिळलं. मल्हारी बाशिंगासकट चवड्यांवर उभा राहिला.

हौसाचा सख्खा भाऊ म्हणाला, "माझ्यासाठी काही शिल्लक ठेव की!"

हौसाला हसू आवरेना. "कान पिळायला कुणी सांगितलं रे तुला?"

"कुणीच नाही. मनानेच सुचलं."

रिवाजाप्रमाणे कुशाबाला टोपी-उपरणं मिळालं. त्या दिवशी तो पोटभर जेवला. जळफळाट गेला तो गेलाच.

दिवाळीनंतर आत्या त्याला शेजारच्या गावी मुलगी दाखवायला घेऊन गेली. पोहे झाले. मुलगी हळूच हसली. कुशाबाही हसला. आत्याने मनातल्या मनात मांडव घातला.

मुलीचे वडील म्हणाले, "मग? काय ठरवलंत?"

कुशाबा विचारात पडला. आता साखरपुडा होणार. मग मोडणार. मग जळफळाट, हौद आणि दाव्याचा मार. आणि एवढं सगळं करून शेवटी बहीणच मानायची!

त्याने बाही वर सारली आणि मनगट मुलीपुढे केलं.

"ताई, राखी आत्ताच बांधून टाक."