तिळाएवढं नाणं

फार जुनी गोष्ट. तेव्हा मी तरणी घूस होते आणि अक्कल शेपटीच्या टोकाएवढी होती. एका खलाशाच्या घराखाली माझं बीळ. त्याच्या पेटीतली देशोदेशीची नाणी मी पळवायची, पण अगदी मोठी नाहीतर अगदी लहान. मधल्या मापाची मला चालत नसत. एक होतं भाकरीएवढं, एक तिळाएवढं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारणींना नाणी दाखवली, तिळाचे लाडू दिले. बघते तर तिळाएवढं नाणं गायब! मी भाकरीएवढं नाणं दाराला लावलं आणि ओरडले, "तोंडं उघडा गं, चोरट्यांनो!"

खारूताईनं तोंड उघडून दाखवलं. म्हणाली, "आता तुझं उघड. लाडू वळतानासुद्धा नाणी कुरवाळत होतीस ना!"

लाडवातून आलेलं नाणं माझ्याच दाढेत अडकलं होतं. सगळ्या वाण न घेताच गेल्या.

पुढच्या संक्रांतीला भाकरीएवढ्या नाण्यावर लाडू मांडून मी दारात बसले. दिवस कलला, तेव्हा फक्त मुंग्या आल्या. त्यांना मागचं ठाऊक नव्हतं.

म्हटलं, "खा बायांनो, पोटभर खा. तोंड उघडून दाखवायचं नाही."