उत्तरेची वाट

फार जुन्या काळी करकोच्यांचा एक थवा दर हिवाळ्यात एका तळ्यावर उतरायचा आणि उन्हं तापू लागली की उत्तरेला परतायचा. एका वर्षी तळ्याकाठी इतकं धान्य पिकलं की थवा तिथंच राहिला.

पिल्लं झाली, तेव्हा त्यांना काय काय शिकवायचं हे ठरवायला सगळे जमले. दाणे टिपणं आणि कोल्ह्याची चाहूल घेणं प्रत्येकाला यायलाच हवं, यावर एकमत झालं.

"आणि उत्तरेची वाट?" म्हाताऱ्या धवलेनं विचारलं.

"आता जायचंय कुणाला, आजी?" म्होरक्या म्हणाला. "ज्याला ओढ वाटेल, तो शिकेल."

"ओढ वाटेल तेव्हा शिकवणारं कुणी उरलं नसेल, बाबा."

सगळे हसून पांगले. धवलेकडे एकही पिल्लू आलं नाही.

वर्षं गेली. एका फाल्गुनात वारा फिरला आणि मोठी झालेली ती पिल्लं चरणं सोडून उत्तरेकडे बघत उभी राहिली.

"आजी, भरल्या पोटी आम्हाला रडू का येतंय?"

"घर आठवतंय तुम्हाला."

"न पाहिलेलं?"

"हो रे."

"मग वाट सांग ना!"

धवलेनं डोळे मिटले. "आधी रुंद नदी लागते. मग लाल डोंगर. त्यानंतर..." ती अडखळली. "कुणाला सांगितलंच नाही, म्हणून माझ्याही लक्षात राहिलं नाही."

तरी कुणी तिच्याजवळून हललं नाही. "लाल डोंगर पुन्हा सांग," एकजण म्हणाला, आणि तिनं तो पुन्हा सांगितला.