सोन्याच्या चौकटीतली मुंगी

एका राज्यात सटवाजी नावाचा चितारी होता. त्याची बायको गजरा. तिला जन्मापासून ऐकू येत नसे, म्हणून दोघं चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं बोलत. गूळ संपला की सटवाजी मडक्यापासून माघारी फिरलेली मुंगी काढी. गजरा बाजाराची वाट काढून उत्तर देई. भांडणंही तिथंच होत. नवऱ्याला रेडा करून दाखवण्यात तिचा हात बसला होता. बोलून झालं की भिंत पुसायची.

त्या राज्याचा राजा वीरकेसरी मोठा रसिक. रसिक म्हणजे काय, तर दुसऱ्याच्या घरातलं चांगलं ते उचलून आपल्या कोठारात ठेवणारा. मुंगीची कीर्ती त्याच्या कानावर गेली. त्यानं धूम्रनाथ मांत्रिकाला सांगितलं, मांत्रिकानं मंत्र घातला. तेव्हापासून सटवाजीचा कोळसा भिंतीला टेकला की रेघ उडून जाई आणि राजाच्या कोठारात सोन्याच्या चौकटीत जाऊन बसे.

भिंत कोरीच राही. सटवाजीनं हातवारे केले, ते तिला उमगले नाहीत. तिला वाटलं, नवरा रेघा ओढल्याचं सोंग करून चेष्टा करतो आहे, त्यानं आपल्याशी बोलणं टाकलं. एके दिवशी तिनं भिंतीवर दोन माणसं काढली आणि उत्तराची वाट पाहिली. उत्तर आलं नाही. तिनं त्यातलं एक पुसलं आणि गाठोडं बांधलं. पौर्णिमेला भाऊ न्यायला येणार होता.

आढ्यावर साळुंकी बसत असे. ती म्हणाली, "सटवाजी, तुझी मुंगी राजाकडं आहे. मानकरी तिला अत्तर लावतात. राजानं तुझ्या एका चित्राला चित्रानं उत्तर दिलं, तर मंत्र तुटेल."

सटवाजी तडक राजाच्या कोठारात गेला. मुजरा केला नाही. राजा प्रसन्न होता. त्यानं शेला देऊ केला, पालखी देऊ केली.

"शेला नको. माझं बोलणं परत द्या."

"ही मुंगी म्हणजे बोलणं?"

"गूळ संपला होता."

मानकरी हसले. एका पंडितानं त्या मुंगीत वैराग्य पाहिलं होतं, तो तेवढा हसला नाही.

मांत्रिक म्हणाला, तीन चित्रं काढ, राजाचं मन भरलं तर सोडू. पहिला, गरजणारा सिंह. सटवाजीनं काढला. सिंह चौकटीतून गरजला आणि दोन हुजरे तुळईवर चढले. दुसरी, भिजवणारी नदी. तीही काढली. कोठारात गुडघाभर पाणी झालं. राजानं अंगरखा वर धरून वाहवा केली.

"आता कोणाकडं नाही असं काढ."

"दोन तुमची झाली. आता मी बोलतो," सटवाजी म्हणाला.

रिकाम्या चौकटीत रेघा उमटल्या. एक बाई, कोरी भिंत, शेजारी गाठोडं. मधे मुकुट घातलेला माणूस, काखेत चौकटी.

"ही कोण?"

"माझी बायको."

"आणि हा?"

"ओळखा."

राजा रागावला. "तू पुसून टाकत होतास. मी जपलं."

"पुसणारच. तिनं वाचलं की झालं. तुम्ही जेवणाचं ताट चौकटीत लावता काय, महाराज? इथं शंभर जणांनी पाहिलं, आणि जिच्याशी बोललो तिला एक रेघ मिळाली नाही. आता तुमच्याशी बोललो आहे. उत्तर द्या."

कोठारात पाणी हलायचं थांबलं. राजानं कोळशासाठी हात पुढं केला. मांत्रिकानं मनगट धरलं, तर राजानं त्याचा हात झिडकारला. जन्मात त्यानं रेघ ओढली नव्हती. भिंतीवर त्यानं मुकुटवाला माणूस काढला, बाजूला सरकलेला. एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब झाला. कोणी हसलं नाही.

चौकटी तडकल्या. नदी वाहून गेली, सिंह रानात गेला, मांत्रिक धूर होऊन झरोक्यातून निघून गेला. सगळ्या रेघा थव्यानं उठून चिताऱ्याच्या घराकडं उडाल्या.

सटवाजी घरी पोचला तेव्हा भिंत वरपासून खालपर्यंत काळी झाली होती. अडलेलं सगळं बोलणं एकदमच आलं होतं. गजरा वाचत होती. तिनं न वळता तळवा दाखवला, थांब. कोपऱ्यापर्यंत वाचलं. मग वीतभर जागा शोधून तिनं चुन्याची घागर काढली, कुंचा काढला, आणि त्याच्याकडं रोखलेलं बोट काढलं.

सटवाजीनं बाह्या सरसावल्या.

पौर्णिमेला भाऊ आला, जेवला आणि एकटाच परत गेला. ज्याचं बोलणं त्याला पोचलं, राज्य सुखी झालं.