लाडाबाईचं धुराडं

ऐका मंडळी. माझ्या पणजोबाला अजून मिसरूड फुटायचं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मोरखळला साऱ्या गावाचं मिळून एकच गुऱ्हाळ होतं, ओढ्याच्या काठाला, उघड्यावर. जमिनीत खणलेलं भलंमोठं चुलवाण, त्यावर रस आटवायची, आठ माणसांनी उचलावी अशी काहील, पुढे लाकडं सारायचं तोंड आणि मागे विटामातीचं धुराडं. या गुऱ्हाळाचा गुळव्या होता यसबा. उकळत्या रसाचा थेंब पाण्यात सोडून तो बोटांत धरायचा आणि गूळ कधी उतरवायचा ते बरोबर सांगायचा. गूळ असा, की सुरी लावली तर खट्‌ असा आवाज यावा. गावाला यसबाचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर यसबालाही होता.

एका साली काय झालं, धूर फिरला. वर जायचं सोडून तो चुलवाणाच्या तोंडातून बाहेर यायला लागला. जाळ धरेना. एरवी सकाळी चढवलेला रस दुपारी आटायचा, तो आता दिवस मावळेपर्यंत नुसता रटरटत राहायचा. गूळ काळा पडायचा आणि साच्यात ओतला तरी शिऱ्यासारखा मऊ राहायचा. गावाने नारळ फोडले. कुणी म्हणालं, धुराडं बुटकं आहे, म्हणून ते दोन हात वाढवलं. धूर हटेना, म्हणून आणखी दोन हात वाढवलं. जसं धुराडं वाढलं, तसा धूरही वाढला, असं म्हणतात.

आपल्या लोकांची एक खोड आहे. वस्तू बिघडली की आपण आधी माणसाकडे बघतो. नऊ दिवसांत नऊ काहिली वाया गेल्या, आणि लोक म्हणायला लागले, यसबाचा हात गेला. सगळ्यात वाईट म्हणजे ते यसबालाही पटलं. बाराव्या वर्षापासून त्याने झारा धरला होता, दुसरं काही त्याला येतच नव्हतं. तो पाटलांना म्हणाला, “आजची काहील शेवटची. न्हाई बसला गूळ, तर झारा दुसऱ्याच्या हातात द्या. मी पुन्यांदा हिकडं पाय ठेवायचो न्हाई.” एवढं बोलून तो उसाच्या मोळीवर बसला आणि सगळ्यांदेखत रडला.

त्याच सकाळी गावात घिसाड्यांची गाडी आली होती. विळे, खुरपी करून विकणारी ही फिरती माणसं. त्यांत एक म्हातारी होती, लाडाबाई. काटकुळी, उंचीला जेमतेम दाराच्या कडीएवढी. जन्म भाता ओढण्यात गेलेला. असं म्हणतात, की तिला वाऱ्याची भाषा कळायची, आणि झोपेतही ती विस्तवाला नावाने हाक मारायची. ती विळे विकायला गुऱ्हाळावर आली, तर पुढ्यात हा रडणारा गुळव्या.

“काय झालं रं बाबा?” तिने विचारलं.

“हात गेला माझा, म्हातारे.”

लाडाबाईने त्याचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. म्हणाली, “हात हाय की हितंच. मला चूल बघू दे.”

तिने आधी दोन लाकडं उचलून एकमेकांवर आपटली. आवाज आला भद्द. “हे लाकूड अजून झाडावरच हाय,” ती म्हणाली, आणि लोकांना हसू आलं. कुणीतरी घरातून गेल्या सालची वाळकी लाकडं आणली. थोडा जाळ करून बघितला. धूर कमी झाला, पण फिरलेलाच होता. मग तिने खालची राख उपसायला लावली, का, तर जाळाला खालून वारा लागतो. जाळ जरा हसला आणि पुन्हा कोमेजून विझला. शेवटी तिने उसाच्या पाचटाची एक काडी पेटवून तोंडाशी धरली. ओढ असेल तर ज्योत आत वाकते. ही ज्योत बाहेर आली आणि लाडाबाईच्या नाकाला चाटून गेली.

“वरची वाट बंद हाय,” ती म्हणाली. “धुराड्याचं दार कुठं हाय?”

धुराड्याला दार असतं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

ती मागच्या बाजूला गेली. धुराड्याच्या पायाशी शेंदराने माखलेला एक देव होता, धुरोबा. दरसाल चूल पेटवायच्या आधी त्याला शेंदूर लावायचा आणि मगच काडी लावायची. शेंदराचे थर इतके, की देव भिंतीतून वर आलाय का भिंत देवातून, ते कळत नव्हतं. लाडाबाईने त्याच्या भोवतीनं बोट फिरवलं आणि तिला सगळं समजलं. गवंड्याने काजळी काढायला खिडकी ठेवली होती आणि तिला धोंडा लावला होता. पहिल्या साली त्या धोंड्याला कुणीतरी शेंदराचं बोट लावलं, आणि चाळीस वर्षांत धोंड्याचा देव झाला. देवाला हलवणार कोण?

म्हातारी शहाणी होती. तिने धोंडा आहे असं म्हटलंच नाही. तिने देवाला कान लावला, बराच वेळ हूं हूं केलं आणि म्हणाली, “देव म्हनतोय, चाळीस वर्सं पाठ भाजतीया. जरा उन्हात बसवा.”

पाटील दोन पावलं मागे सरले. पुढे आला तो यसबा. त्याने हात जोडले, विळ्याने शेंदूर सोडवला आणि देवाला दोन्ही हातांनी उचललं. मागून काजळीचा असा लोंढा आला, की घटकाभर गावात कोण कुणाचा कोण तेच ओळखू येईना. सात पाट्या काजळी निघाली, असं म्हणतात. माझा चुलता सत्तर म्हणायचा, पण त्याचं सगळंच दसपट असायचं.

तरी वर उजेड दिसेना. वर, नव्याने वाढवलेल्या चार हातांच्या जोडापाशी, काजळीचा दगड झाला होता. खिडकी एवढीशी, गावातला एकही माणूस तिच्यात मावेना. पाटलांनी तर डोकं घालूनही बघितलं नाही. लाडाबाईने पदर खोचला, विळा दातात धरला आणि ती आत शिरली. खरवड खरवड आवाज वर वर जायला लागला. बाहेर यसबा मान वर करून उभा होता. आणि मग धुराड्याच्या टोकावर एक काळा हात आला, मग विळा, मग म्हातारी. ती तिथे अशी ऐसपैस बसली, जणू गावच्या पारावरच बसलीय, आणि ओरडली, “लाव काडी, गुळव्या!”

“आधी उतर की!” यसबा ओरडला.

पुढचं कुणाला नीट सांगता येत नाही. कुणी म्हणतं, ती उलट्या बाजूने उतरली. कुणी म्हणतं, पहिला धूर गोळा होऊन वर आला, त्याने तिला अलगद उचललं आणि ओढ्यापलीकडे गाडीत नेऊन ठेवलं. मला दुसरं आवडतं. एवढं मात्र खरं, की त्या दिवशी ज्योत आत वाकली, जाळ गर्जला आणि दुपारच्या आत काहील आटली. यसबाने थेंब पाण्यात सोडला, बोटांत धरला, आणि त्याचे डोळे पुन्हा भरले. गूळ हळदीच्या रंगाचा उतरला. पहिला खडा घेऊन तो गाडीकडे धावला, तर गाडी निघून गेली होती.

मोरखळला आजही दरसाल चूल पेटवायच्या आधी धुरोबाला उन्हात घोंगडीवर बसवतात, त्याला आंघोळ घालतात आणि तोवर धुराडं साफ करून घेतात. गुऱ्हाळ आता पक्कं झालंय, धुराड्याला लोखंडी शिडी आहे, पण देव उन्हात बसतोच. आणि आणखी एक रीत आहे. गूळ बिघडला आणि गुळव्याला नाव ठेवायचं असलं, तर ठेवणाऱ्याने आधी त्या खिडकीत खांद्यापर्यंत हात घालून यायचं. पाटील असो नाहीतर पाहुणा. माणूस कुरकुरत वाकतो, हात घालतो, चाचपतो, खरवडतो, आणि हात बाहेर येईपर्यंत बोलायचं काय होतं तेच विसरतो. मग गुळव्या त्याच्या काळ्या तळव्यावर कोमट गुळाचा खडा ठेवतो आणि म्हणतो, “घे. लाडाबाईचा हाय.”